नेदरलँड्सचा वसंत कुटुंबासह कसा पाहावा: साडेसहा वर्षांच्या मुक्कामातून सुचलेले मार्गदर्शन

आम्ही २०१९ च्या जानेवारीत नेदरलँड्सला राहायला गेलो आणि २०२५ च्या जुलैमध्ये पुण्याला परतलो. या काळात अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलवेन गावात आमचे बिऱ्हाड होते आणि तिथले सात वसंत आमच्या वाट्याला आले. गेलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दोन वर्षांचा होता, त्यामुळे बाबागाडीपासून स्वतंत्र सायकलीपर्यंतच्या सगळ्या अवस्थांत आम्ही हा ऋतू हिंडून पाहिला. आम्स्टलवेनमध्ये आणि आजूबाजूला आज पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत आणि दरवर्षी नवी येत असतात. त्यांच्या हाती काहीतरी नेमके पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मुख्य सांगणे एवढेच आहे की, तिथला वसंत ठिकाणांच्या यादीने पाहू नये. तो फुलांच्या क्रमाने पाहावा आणि घराजवळ पुन्हा पुन्हा पाहावा. पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊक नव्हते. ईस्टरच्या रविवारी भर दुपारी आम्ही क्यूकेनहोफ या प्रसिद्ध बागेत गेलो, बसच्या रांगेत दीड तास उभे राहिलो आणि आत पोहोचेपर्यंत धाकटा रडून रडून झोपी गेला होता. त्या दिवसाच्या आमच्या छायाचित्रांत फुलांपेक्षा अनोळखी लोकांच्या पाठी अधिक आहेत. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, कोरोनामुळे ती बाग उघडलीच नाही. मार्चमध्ये शेजारच्या आल्समेरच्या फुलबाजारात मागणी कोसळून ताज्या फुलांचे ढीग नष्ट करावे लागले. मात्र घरच्या माणसांनी मिळून मोकळ्या हवेत फिरण्यास तिथे मनाई नव्हती. आम्ही रोज संध्याकाळी सायकली काढून तीन-चार किलोमीटरच्या परिघात हिंडू लागलो आणि या देशात वसंत कसा पावलापावलाने येतो, ते त्या वर्षी पहिल्यांदा दिसले.

पहिली पायरी: तारीख नव्हे, क्रम लक्षात ठेवा

फेब्रुवारीच्या अखेरीस गवतातून जांभळे, पिवळे आणि पांढरे क्रोकस वर येतात. मार्चमध्ये रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेने पिवळे डॅफोडिल उभे राहतात. मार्चअखेर मॅग्नोलिया, त्याच्या मागोमाग चेरीचा मोहोर, आणि त्याच सुमारास शेतांत हायसिंथ फुलतात, ज्यांचा वास सायकलवरून जातानाही अंगावर येतो. ट्यूलिपचा खरा भर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. एप्रिलच्या उत्तरार्धात बेतुवे या ऱ्हाईन आणि वाल नद्यांमधल्या फळबागांच्या पट्ट्यात सफरचंद, नासपती आणि चेरीची झाडे मोहरतात. मेमध्ये रंगांचा भर ओसरतो आणि चराकडेची पांढरी रानफुले कंबरेइतकी वाढतात. प्रवासी तोवर परतलेले असतात, पण मला स्वतःला तो मेचा पंधरवडा सर्वांत आवडतो.

थंडी लांबली की हा सगळा क्रम एक-दोन आठवडे पुढे सरकतो आणि हिवाळा सौम्य असला की अलीकडे येतो, म्हणून महिनाभर आधी एकच दिवस पक्का करून बसू नये. आम्ही दिनदर्शिकेवर पेन्सिलीने प्रत्येक फुलासाठी दोन शनिवार-रविवार राखून ठेवत असू आणि निर्णय त्या आठवड्याच्या बुधवारी घेत असू. बागांच्या आणि फुलपट्ट्यातील गावांच्या संकेतस्थळांवर बहराची ताजी माहिती मिळते. त्याहून विश्वासाची खूण म्हणजे आपल्याच गल्लीतले एखादे झाड. आमच्या कोपऱ्यावरच्या मॅग्नोलियाची पहिली कळी उमलली की आठ-दहा दिवसांत चेरीकडे निघायचे, हा आमचा ठोकताळा होता. तुमच्या गल्लीतले असे झाड पहिल्याच वर्षी शोधून ठेवा.

दुसरी पायरी: घड्याळ, शाळा आणि सुट्ट्या

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे जाते. त्या दिवसापासून भारताशी असलेले अंतर साडेचार तासांवरून साडेतीन तासांवर येते, संध्याकाळ एकदम लांबते आणि एप्रिलअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे कार्यालयातून घरी आल्यावरही दोन तासांची छोटी सहल होऊ शकते. २०२५ मध्ये गुढीपाडवा नेमका त्याच रविवारी, ३० मार्चला आला होता. झोपेचा एक तास गमावून आम्ही बाल्कनीत गुढी उभारली. कडुलिंब मिळत नाही म्हणून दरवर्षी दारातल्या झाडाची कोवळी पालवी लावत असू, तीच त्या वर्षीही लावली, आणि दुपारी नैवेद्याचे ताट आवरून मुलांना डॅफोडिल दाखवायला नेले. पाडव्याला एक सहल जोडण्याची ही प्रथा मुलांच्या मनात चांगली रुजली. नव्या वर्षाचा आणि नव्या पालवीचा संबंध त्यांना सांगावा लागला नाही.

शाळेबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतर तिथे शाळा सक्तीची असते आणि सहलीसाठी किंवा स्वस्त विमानतिकिटासाठी मुलांची शाळा बुडवता येत नाही. त्यामुळे एप्रिलअखेर सुरू होणारी मेची सुट्टी हाच मोठ्या सहलींचा काळ ठरतो. या सुट्टीच्या तारखा सगळ्या शाळांच्या सारख्या नसतात, म्हणून आपल्या शाळेचे वार्षिक वेळापत्रक सप्टेंबरमध्येच पाहून ठेवावे. अनेक प्राथमिक शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. या बुधवारच्या दुपारी आम्ही जवळच्या फेऱ्यांसाठी ठेवल्या होत्या आणि मुलांना आज आठवतात त्या बहुतेक याच फेऱ्या.

गर्दीच्या दृष्टीने गुड फ्रायडे ते ईस्टर सोमवार हे चार दिवस मोठ्या ठिकाणांसाठी टाळावेत, कारण त्या दिवसांत शेजारच्या जर्मनीतूनही गाड्या भरून लोक येतात.

तिसरी पायरी: प्रवासाची तयारी

शहराबाहेर पडण्यासाठी रेल्वे आणि बस पुरेशी आहे. बँकेचे कार्ड यंत्राला चढताना आणि उतरताना टेकवले की भाडे कापले जाते. मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे कार्ड लागते आणि उतरताना टेकवायला विसरल्यास जास्तीची रक्कम जाते. चार वर्षांखालील मुलांना रेल्वेत तिकीट नाही आणि ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी अल्प दराचे दिवसभराचे रेलरनर तिकीट असते. ते आधी काढून ठेवावे. सायकल रेल्वेत न्यायची असेल तर तिचे वेगळे तिकीट लागते आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ती नेता येत नाही. घडीची सायकल मिटवलेली असेल तर हे बंधन नाही.

तरीही या ऋतूचे खरे वाहन सायकलच आहे. मुले लहान असताना पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, जिला तिथे बाकफीट्स म्हणतात, ती जुनी विकत घ्यावी किंवा एखाद्या दिवसापुरती भाड्याने घ्यावी. आमच्या पेटीत दोन मुले, डबा, पाण्याच्या बाटल्या आणि एक घोंगडी आरामात मावत असे. रस्ता शोधण्यासाठी फोनकडे पाहत बसू नये. सगळ्या देशभर सायकलमार्गांच्या चौकांना क्रमांक दिलेले आहेत आणि प्रत्येक चौकात पुढच्या क्रमांकाचा बाण असतो. निघण्याआधी नकाशावरून क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत आणि तो कागद मुलांच्या हाती द्यावा. पुढचा क्रमांक कोण आधी पाहतो या नादात आमच्या मुलीने सातव्या वर्षी अठरा किलोमीटर कुरकुर न करता पार केले होते.

वाऱ्याचा विचार मात्र आधी करावा. सपाट मुलखात चढ नसतो, त्याची भरपाई वारा करतो. जाताना वारा समोरून घ्यावा, म्हणजे मुले दमल्यावर परतीच्या वाटेवर तो पाठीशी असतो.

चौथी पायरी: कपडे, डबा आणि प्रकृती

एप्रिल त्याला हवे तेच करतो, अशी तिथे म्हण आहे आणि ती अक्षरशः खरी आहे. दुपारी १२ ते १५ अंश, सकाळी ४-५ अंश, मध्येच गारा आणि पंधरा मिनिटांनी लख्ख ऊन, हे सगळे एकाच दिवसात घडते. एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत आणि वरचा थर वारा व पाऊस अडवणारा असावा. छत्री वाऱ्यात टिकत नाही. मुलांसाठी पावसाळी विजार आणि रबरी बूट घ्यावेत, कारण शेतांकडेची माती चिकट असते. पावसाची सर कधी येणार आणि कधी थांबणार हे पुढच्या दोन तासांपुरते अचूक सांगणारे बाउएनराडार हे अ‍ॅप सगळे डच लोक वापरतात, तेच आपणही वापरावे.

डब्याबाबत माझे मत ठाम आहे. बाहेरच्या गाडीवरचे तळलेले बटाटे मुलांना एखाद वेळी जरूर द्यावेत, पण थंड वाऱ्यात पोट भरते ते घरच्या धपाट्यांनी. तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, मेथीच्या दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ गार झाले तरी चांगले लागतात. पोळीभाजीची गुंडाळी करून ती कागदात बांधली की हातमोजे न काढता खाता येते. चहा घरूनच उकळून थर्मासमध्ये न्यावा.

प्रकृतीच्या दोन गोष्टी नव्या कुटुंबांना कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे परागांची. एप्रिलमध्ये बर्च झाडाचे आणि मेपासून गवताचे पराग हवेत असतात. भारतात कधी असा त्रास नसलेल्या माणसांनाही दोन-तीन वर्षांनंतर शिंका, डोळ्यांना खाज आणि घशात खवखव सुरू होते. आम्ही एक पूर्ण वसंत हे सर्दीपडसे समजून काढला. साध्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या औषधी व प्रसाधनांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, पण मुलांसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. दुसरी गोष्ट गोचिडीची. उंच गवतातून किंवा जंगलातून परतल्यावर मुलांचे गुडघ्यांमागचे सांधे, काखा, जांघा, कानांमागची जागा आणि केसांची कड नीट तपासावी. गोचीड दिसली तर खास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढावी, तेल किंवा स्पिरिट लावत बसू नये, आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या तीन महिन्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल डाग किंवा ताप आला, तर लाइम आजाराची शक्यता असते आणि डॉक्टरांना ती तारीख सांगता यायला हवी.

पाचवी पायरी: कुठे जावे आणि तिथे काय करावे

चेरीच्या मोहोरासाठी आम्स्टलवेनच्या बाजूला असलेले अ‍ॅमस्टरडॅमसे बॉस हे जंगल गाठावे. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात बेकारांना काम देऊन माणसांच्या हातांनी उभारलेले हे जंगल आहे. त्यातल्या मोहोर-उद्यानात चेरीची ४०० झाडे आहेत, जी जपानी महिलांच्या मंडळाने २००० मध्ये भेट दिली. प्रत्येक झाडाला एका स्त्रीचे नाव आहे, २०० डच आणि २०० जपानी. मुलांना आपापले एक झाड निवडू द्यावे आणि दरवर्षी त्याच झाडाकडे जावे. मोहोर जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतो आणि जोराचा एक पाऊस आला की संपतो, म्हणून हवामान चांगले असेल त्याच संध्याकाळी निघावे. शनिवारी दुपारी तिथे घोंगडी अंथरायलाही जागा नसते, पण कामाच्या दिवशी सकाळी आठला पाकळ्या पडण्याच्या आवाजाचा भास व्हावा इतकी शांतता असते. त्याच जंगलात शेळ्यांचा एक गोठा आहे, जिथे वसंतात जन्मलेल्या करडांना मुले बाटलीने दूध पाजू शकतात. करडू बाटलीला ढुशी देते, तेव्हा बाटली दोन्ही हातांनी धरायला सांगावी.

क्यूकेनहोफची बाग पाहावीच, पण नीट पाहावी. लिस्से गावातील ही बाग ३२ हेक्टरची आहे. १९४९ मध्ये फुलांचे कंद पिकवणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या २० जणांनी ती कल्पना मांडली आणि १९५० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. दरवर्षी शरदात सुमारे ७० लाख कंद हाताने लावले जातात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे आठ आठवडेच बाग उघडी असते. एकाच वाफ्यात उशिरा फुलणारे कंद खोल, त्यावर मधले आणि सर्वांत वर क्रोकससारखे लवकर फुलणारे, अशी थरांची लावणी करतात, म्हणून वाफा आठही आठवडे रिकामा दिसत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवले की ती वाफ्याच्या कडेला बसून खालचा थर शोधू लागतात.

तिकीट वेळेच्या गटानुसार असते आणि ते घरूनच काढावे. शिपोल विमानतळावरून आणि लायडन स्थानकावरून थेट बस आहे आणि बस व प्रवेश असे जोडतिकीट मिळते. कामाच्या दिवशी सकाळी आठची पहिली वेळ किंवा दुपारी चारनंतरची वेळ घ्यावी. आम्ही पुढे नेहमी चारनंतर जाऊ लागलो, कारण पाचच्या सुमारास पर्यटकांच्या बसगाड्या निघून जातात, उन्हे तिरपी होतात आणि साडेसातपर्यंत बाग जवळजवळ आपलीच असते.

बागेइतकीच बाहेरची शेतेही महत्त्वाची आहेत, आणि माझ्या मते जास्तच. हार्लेम आणि लायडनच्या दरम्यान वाळूच्या टेकड्यांमागे हा फुलपट्टा आहे. तिथल्या रेताड जमिनीत पाणी साचत नाही म्हणून कंद कुजत नाहीत. भाड्याची सायकल घेऊन पंधरा किलोमीटरची फेरी मारली तर पुरेसे दिसते. शेतात मात्र पाऊल टाकू नये. ते कोणाचे तरी उभे पीक आहे, तुडवल्याने कंद दुखावतात आणि बुटांच्या मातीतून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो. कडेला उभे राहून काढलेले छायाचित्रही चांगलेच येते, आणि आत जायचेच असेल तर काही शेतकऱ्यांनी पैसे घेऊन फुले तोडू देणाऱ्या बागा ठेवल्या आहेत.

एक दृश्य मुलांना आधी समजावून सांगावे. २०२१ च्या मेमध्ये आम्ही एका लाल शेताशी पोहोचलो तेव्हा एक यंत्र ओळीओळीने फुलांची डोकी छाटत चालले होते. मागे हिरवे दांडे तेवढे उभे होते आणि सरीत पाकळ्यांचा चिखल झाला होता. मुलगी रडू लागली. बांधावर उभ्या असलेल्या वयस्कर शेतकऱ्याने यंत्र थांबवून तिला जवळ बोलावले, एक रोप उपटून तिच्या हातावर ठेवले आणि तळाचा पांढरा कंद बोटाने दाबून दाखवला. फूल तसेच ठेवले तर रोपाची ताकद बी धरण्यात जाते. ते छाटले की ती ताकद खाली उतरते आणि कंद पोसतो, आणि त्याचे पीक कंदाचे आहे, फुलाचे नाही. तिने तो कंद घरी आणून जून उजाडेपर्यंत खिडकीत ठेवला होता. शेतीच्या घरातून आलेल्या आपल्या माणसांना यात नवल वाटणार नाही, पण शहरात वाढणाऱ्या मुलांसाठी हा धडा बागेतल्या कोणत्याही फलकापेक्षा मोठा आहे.

आता गायींबद्दल, जे बहुतेक भारतीय कुटुंबांना माहीतच नसते. हिवाळाभर गोठ्यात असलेल्या गायी वसंतात पहिल्यांदा कुरणात सोडतात, त्याला तिथे गायींचा नाच म्हणतात आणि एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी अनेक सेंद्रिय गोठे हा सोहळा लोकांसाठी खुला ठेवतात. जवळचा गोठा आधी शोधून ठेवावा, अर्धा तास आधी पोहोचून कुंपणाशी जागा धरावी आणि रबरी बूट घालावेत, कारण सगळा प्रकार दहा मिनिटांत उरकतो. २०२३ मध्ये माझे वडील आमच्याकडे आले होते. सांगलीकडच्या शेतकरी घरातला, आयुष्यभर जनावरे सांभाळलेला माणूस. गोठ्याचे दार उघडले, पहिली गाय उंबऱ्यावर थबकली, तिने मान खाली घालून गवताचा वास घेतला, आणि मग मागचे दोन्ही पाय हवेत उडवून ती जी धावली, तिच्या मागे पन्नास-साठ गायी कासा हिंदकळत, एकमेकींना ढुशा देत, मध्येच गुडघे टेकून मातीत तोंड घासत सुटल्या. वडील बराच वेळ कुंपणाला धरून उभे होते. नंतर एवढेच म्हणाले, “ह्यास्नी जनावर कळतंय बघ.” घरी परतल्यावर त्यांनी भावाला फोन लावून अर्धा तास फक्त गायींबद्दलच सांगितले.

२७ एप्रिल हा राजे विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस, म्हणजे राजदिन. तो रविवारी आला तर आदल्या दिवशी साजरा होतो. त्या दिवशी कोणीही रस्त्यावर चादर अंथरून घरातल्या जुन्या वस्तू विकू शकतो आणि लहान मुलांसाठी तर हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यभागी गर्दी आणि मद्य दोन्ही फार असतात आणि ट्रामही तिथे चालत नाहीत, म्हणून मुलांसह आपल्याच गावातला बाजार गाठावा. आठवडाभर आधी मुलांना त्यांची खेळणी निवडू द्यावीत, किमती त्यांनाच ठरवू द्याव्यात, सुट्टी नाणी गोळा करून ठेवावीत आणि सकाळी आठच्या आत जागा धरावी. भाव करण्याचे काम आपण करू नये. आमची मुलगी शाळेत डच बोलायला वर्षभर कचरत होती. त्या चादरीवर बसून तिने एका आजीबाईंना दोन युरोचे चित्रकोडे दीड युरोला दिले, आणि वर एक तुकडा हरवला आहे हेही प्रामाणिकपणे सांगितले. त्या दिवसानंतर तिची भीड गेली.

एक आठवड्यानंतर, ४ मेच्या संध्याकाळी आठ वाजता, युद्धातील मृतांसाठी देशभर दोन मिनिटे शांतता पाळतात. तेव्हा बाहेर असाल तर सायकलवरून उतरून उभे राहावे आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे.

उरलेल्या ठिकाणांबद्दल थोडक्यात सांगते. मेच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय पवनचक्की दिन असतो. ज्या चक्कीवर निळी पताका दिसेल ती आतून पाहता येते आणि चक्की चालवणारे हौशी स्वयंसेवक मुलांना मनापासून समजावतात. किंडरडाइक गावच्या १९ चक्क्या त्यापेक्षा वेगळ्या दिवशी पाहाव्यात. कोकरे पाहायची असतील तर देन हेल्डरहून होडीने वीस मिनिटांत टेसल बेटावर जावे, पण तिथे एक रात्र राहिल्याशिवाय त्या बेटाला न्याय मिळत नाही.

सहावी पायरी: आजी-आजोबा येणार असतील तर

नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी सामाईक असलेल्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिलची सहल हवी असेल तर कागदपत्रांचे काम डिसेंबरातच सुरू करावे. आपण त्यांची सोय करणार असू तर हमीचा व निवासाचा अर्ज भरून त्यावरची सही आपल्या नगरपालिकेत प्रमाणित करून घ्यावी लागते आणि तिथली भेटीची वेळ लगेच मिळेलच असे नसते. किमान ३०,००० युरोंचा प्रवास आरोग्य विमा आवश्यक असतो. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह आणावी, कारण भारतातली व्यापारी नावे तिथे कोणाला कळत नाहीत.

त्यांना मार्चमध्ये बोलावू नये. दहा एप्रिलच्या सुमारास ते पोहोचले तर पहिला आठवडा घराभोवती फिरून थंडीची सवय होते आणि ट्यूलिपचा भर हाती लागतो. एका दिवशी एकच ठिकाण आणि दोन सहलींमध्ये एक दिवस घरी, हा नियम मोडू नये. गुडघे दुखत असतील तर बागेत चाकाची खुर्ची आधी नोंदवून ठेवावी. माझ्या आईला सुरुवातीला खुर्चीत बसण्याचा संकोच वाटला. दहा पावलांवर तिच्याच वयाच्या चार डच आजी तशाच खुर्च्यांत बसून आइस्क्रीम खाताना दिसल्या आणि मग ती निःसंकोच बसली.

सातवी पायरी: आठवणी त्याच रात्री लिहून काढा

छायाचित्रे फोनमध्ये हजारोंनी साठतात आणि कोणी पाहत नाही. आम्ही प्रत्येक सहलीची दहाच निवडून बाकीची त्याच आठवड्यात काढून टाकत असू आणि वर्षाअखेर ती छापून घेत असू. याखेरीज एक जाड वही ठेवावी. प्रत्येक सहलीला एक पान, त्यावर तारीख, हवा, तिकिटाचा तुकडा आणि घरातल्या प्रत्येकाचे एक वाक्य, ज्याने त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले. वाक्य त्याच रात्री लिहावे. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या निबंधासारखे होते. मुलाच्या २०२२ च्या पानावर “करडाने माझी गुंडी खाल्ली” एवढेच आहे आणि ते वाचले की तो सगळा दिवस समोर उभा राहतो.

ट्यूलिपचे अख्खे फूल पाणीदार असल्याने वाळवताना कुजते, म्हणून पाकळ्या सुट्या कराव्यात, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत, दोन दिवसांनी कागद बदलावा आणि पंधरा दिवस हात लावू नये. मुलांचे आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. मराठी वाक्यात डच क्रियापद घालून बोलण्याचे वय दोन-तीन वर्षांत निघून जाते आणि ती भाषा परत कधी ऐकू येत नाही.

परतताना कंद आणण्याचा मोह आम्हालाही झाला. रोपे आणि कंद भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, सामानात टाकून आणणे नियमात बसत नाही. शिवाय ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी तीन-साडेतीन महिन्यांची सलग थंडी लागते, जी पुण्यात शीतकपाटाबाहेर मिळणार नाही. म्हणून आम्ही वही आणि पाकळ्या तेवढ्या आणल्या.

शेवटची एक गोष्ट पहिल्या वर्षापासून करा, कारण मागे जाऊन ती करता येत नाही. मोहोर-उद्यानातल्या निवडलेल्या झाडाला पाठ टेकून मुलाचे छायाचित्र दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच बाजूने काढा. आमच्याकडे अशी सहा आहेत, २०२० चे नाही. २०१९ च्या छायाचित्रात मुलीचे डोके ज्या गाठीच्या वीतभर खाली आहे, २०२५ मध्ये तीच गाठ तिच्या खांद्याशी आली आहे, आणि त्या वर्षी पाऊस आधीच पडून गेल्यामुळे मोहोर झाडावर थोडा आणि तिच्या बुटांभोवती जास्त आहे.